युद्धातून उरलेली विमाने, शेती आणि नेवाळीची धावपट्टी

कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याने निघाले म्हणजे काही मैलांवर नेवाळी नाका लागतो. या परिसरात भातखाचरांच्या शेजारी जुन्या धावपट्टीच्या खुणा आहेत. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४२-४३ च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी ही जमीन शेतकऱ्यांकडून घेतली. युद्ध १९४५ मध्ये संपले. त्यानंतर या जमिनीवर विमानतळ चालू राहिला नाही. पावसाळा आला की आसपासच्या खाचरांत भाताची लावणी होते. ‘युद्धातली विमाने पुढे गेली तरी कोठे?’ असा प्रश्न मुले वडीलधाऱ्यांस विचारतात.

प्रश्न मुलांचा असला तरी तो शेतकऱ्यांच्याही कामाचा आहे. युद्धासाठी बांधलेल्या हजारो विमानांना पुढे शांततेच्या काळातील काम मिळाले. त्यांपैकी काहींनी टपाल वाहिले, काहींनी उतारू नेले, तर काहींनी पिकांवर औषध फवारले आणि डोंगरउतारांवर खत टाकले. शेतावर विमानाचा उपयोग कसा सुरू झाला, त्यातून कोणता लाभ व कोणता धोका निर्माण झाला आणि ज्या जमिनींवर विमानतळ झाले त्या जमिनींचे काय झाले, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

युद्ध संपले, विमाने उरली

युद्धाच्या अखेरीस भारतात लष्करी विमानांचा मोठा साठा होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रस्ते थोडे, डोंगर व जंगल फार. त्यामुळे तेथील सैन्याचा दाणागोटा, दारूगोळा व औषधे बव्हंशी विमानानेच पोहोचवावी लागत. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा तेथील फौज विमानाने येणाऱ्या शिध्यावर तगून राहिली. या कामात डाकोटा नावाच्या दोन इंजिनांच्या विमानाने मोठीच कामगिरी बजावली. डाकोटा मुळात लष्करी विमान नव्हते. ‘डीसी-३’ या नावाने ते १९३५ मध्ये अमेरिकेत उतारूंसाठी बनविण्यात आले. युद्ध सुरू झाल्यावर त्याचीच लष्करी आवृत्ती काढण्यात आली आणि अशी सुमारे दहा हजार विमाने तयार झाली.

शांतता झाल्यावर एवढी विमाने सांभाळणे सरकारांस परवडणारे नव्हते. उभ्या विमानावरही खर्च होतोच. पावसाने धातू गंजतो, रबर कुजते, इंजिनातील तेल घट्ट होते, पहारा ठेवावा लागतो. शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. वापरात नसलेला बैल दावणीला बांधून ठेवला तरी वैरण खातोच. म्हणून उरलेल्या लष्करी मालाची विल्हेवाट लावण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. भारतातील उरलेली विमाने व त्यांचे सुटे भाग विकण्याच्या कामात मुंबईच्या टाटा एअरक्राफ्ट लिमिटेड या कंपनीचा भाग होता.

या विमानांच्या वाट्यास साधारणपणे तीन गती आल्या. जी चांगल्या स्थितीत होती ती दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागली. जी उडण्याजोगी नव्हती त्यांचे सुटे भाग काढून इतर विमानांस बसविण्यात आले. उरलेली भंगारात गेली. विमानाचे अंग मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि तो धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. ब्रिटनमध्ये युद्धानंतर घरांची टंचाई झाली, तेव्हा विमानाच्या कारखान्यांतून ॲल्युमिनियमची पन्नास हजारांवर तयार घरे काढण्यात आली. त्यांत विमानांच्या भंगाराचा धातूही वापरला गेला.

भंगाराचा एक सौदा

बंगालमधील पानागढ येथे युद्धकाळात मोठा विमानतळ होता. तेथे पडून असलेले विमानांचे भंगार खरेदी करण्याचा करार श्री हनुमान कॉटन मिल्स या संस्थेने टाटा एअरक्राफ्ट कंपनीशी नोव्हेंबर १९४६ मध्ये केला. किंमत दहा लक्ष रुपये ठरली आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे अडीच लक्ष रुपये, इसारा म्हणून भरण्यात आला. पुढे खरेदीदाराने उरलेली रक्कम भरली नाही. विक्रेत्याने करार मोडून इसारा जप्त केला. खरेदीदाराने दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये न्यायालयाने इसारा जप्त करणे योग्य ठरविले.

जनावरांच्या बाजारात किंवा जमिनीच्या खरेदीत इसारा देणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवावा. इसारा ही सौदा पुरा करण्याची हमी असते. सौदा पार पडला तर ती रक्कम किमतीत वळती होते. देणाऱ्याच्या दोषाने तो मोडला तर ती बुडू शकते. यास्तव पैसे मोजण्यापूर्वी कराराच्या अटी वाचून अगर वाचवून घेणे अगत्याचे आहे.

कोणत्या विमानास काम मिळाले?

शर्यतीचा बैल नांगराला चालत नाही. विमानांचेही तसेच झाले. लढाऊ विमान वेगवान खरे. परंतु त्यात एकट्या वैमानिकापुरती जागा, इंधनाचा खप मोठा आणि ओझे वाहण्याची सोय नाही. अशा विमानांस नागरी जीवनात फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. उलट ओझे वाहणारी डाकोटा आणि वैमानिकांस शिकविण्यासाठी वापरलेली टायगर मॉथ, स्टिअरमन यांसारखी साधी, हलकी, दुपंखी विमाने हातोहात खपली. त्यांची दुरुस्ती सोपी होती, सुटे भाग मुबलक होते आणि ती चालविणारी माणसे युद्धात तयार झाली होती.

लष्करी डाकोटाचे नागरी विमान कसे होई, हेही पाहण्यासारखे आहे. सैनिकांसाठी दोन्ही बाजूंस लावलेली लांब बाके काढण्यात येत. आतून अस्तर लावून आवाज व थंडी कमी केली जाई आणि उतारूंसाठी खुर्च्या बसविल्या जात. इंजिने पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलले जात. अखेर सरकारी तपासणी होऊन विमान उड्डाणास योग्य असल्याचा दाखला मिळे. बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने युद्धानंतर अशा डाकोटांच्या दुरुस्तीचे व रूपांतराचे काम केले.

या साऱ्या व्यवहारात विमानाच्या नोंदवहीस फार महत्त्व असते. इंजिन किती तास चालले, कोणता भाग केव्हा बदलला, कोठे अपघात झाला, हे सर्व तीत लिहिलेले असते. ज्याची नोंद पुरी त्याची किंमत चांगली. नोंद नसलेले विमान धडधाकट दिसले तरी त्यास दाखला मिळविणे कठीण. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे जमिनीच्या संदर्भात तिचा उपयोग होणार आहे.

डाकोटाचा दुसरा संसार

स्वस्त डाकोटा मिळू लागल्यामुळे १९४६ नंतर भारतात हवाई वाहतुकीच्या अनेक कंपन्या निघाल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला तेव्हा श्रीनगरला फौज पोहोचविण्यासाठी हवाई दलाबरोबर या नागरी कंपन्यांच्या डाकोटाही धावल्या. लष्कराच्या सेवेतून निघालेली विमाने अशा रीतीने काही दिवस पुन्हा देशाच्या संरक्षणाच्या कामी आली.

महाराष्ट्रातील वाचकांस विशेष वाटावी अशी योजना नागपूरची. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत जाई. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास मिळू लागले. या सेवेचा भार डाकोटांनी वाहिला. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरचा लाभ येथे पुरेपूर उपयोगात आला.

तथापि, स्वस्त मिळालेल्या अवजाराने धंदा फायद्याचा होतोच असे नाही. विमाने पुष्कळ, कंपन्या पुष्कळ, उतारू मात्र थोडे, अशी स्थिती झाली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५० मध्ये या धंद्याची चौकशी केली आणि कंपन्यांची संख्या गरजेपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वर्षी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली, तेव्हा तिच्या ताफ्यातील ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होत्या. जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्या शेतकऱ्यानेही हाच हिशेब आधी करावा: वर्षात किती दिवस काम मिळेल, किती एकरांवर तो चालेल, आणि दुरुस्तीस पैसा कोठून येईल?

विमान शेतावर आले

शेतीत विमानाचा उपयोग प्रथम झाला तोही लष्करी विमानानेच. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावाजवळ कॅटाल्पा जातीच्या झाडांवर सुरवंटांची कीड पडली होती. ३ ऑगस्ट १९२१ रोजी पहिल्या महायुद्धाच्या काळातील ‘जेनी’ जातीच्या लष्करी विमानातून त्या झाडांवर विषारी भुकटी धुरळण्यात आली. काम काही मिनिटांत उरकले आणि सुरवंट मोठ्या प्रमाणावर मेले. पुढे कापसावरील बोंडभुंग्यासाठी ही पद्धत तेथील दक्षिणेच्या राज्यांत वापरली जाऊ लागली. आज जगातील मोठ्या विमान कंपन्यांत गणली जाणारी अमेरिकेची डेल्टा ही कंपनी मुळात कापसावर औषध धुरळणाऱ्या धंद्यातून उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामास खरी गती आली. स्टिअरमन विमानातील पुढील माणसाची जागा काढून तेथे औषधाची पेटी बसवीत आणि अधिक शक्तीचे इंजिन लावीत. अशी विमाने अमेरिकेतील कापसाच्या व भाताच्या शेतांवर कित्येक वर्षे काम करीत होती.

न्यूझीलंडमधील प्रयोग डोंगराळ भागातील शेतकऱ्यांस अधिक जवळचा वाटेल. तेथे मेंढ्यांची कुरणे उंच उतारांवर आहेत. गवत खुरटले होते, कारण जमिनीत स्फुरद कमी. आणि सुपरफॉस्फेट चढणीवर नेण्यास ना गाडी चाले ना यंत्र. १९४८ मध्ये तेथील हवाई दलाने ॲव्हेंजर नावाच्या युद्धविमानातून खत टाकण्याचे प्रयोग केले. १९४९ पासून खाजगी वैमानिकांनी जुन्या टायगर मॉथ विमानांत खताची पेटी बसवून हा व्यवसाय सुरू केला. पुढे डाकोटाही या कामास लागल्या. पडीक उतार हिरवे झाले आणि त्या देशाच्या पशुपालनास मोठाच हातभार लागला.

भारतात विमानाचा उपयोग मुख्यतः टोळधाड व मोठ्या क्षेत्रावरील किडी यांसाठी झाला. टोळांची सूचना देणारी संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली होती. ती १९४६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालयात सामील करण्यात आली. फवारणीसाठी ‘बसंत’ नावाचे विमान बंगळूरच्या कारखान्याने स्वतः तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९७२ मध्ये झाले. मात्र त्याची निर्मिती फार काळ चालली नाही.

लाभ कोठे, धोका कोठे?

विमानाने फवारणी करण्याचा मुख्य लाभ वेळेचा आहे. कीड झपाट्याने पसरत असता पाठीवरच्या पंपाने जे काम आठवडाभर चालते ते विमान एका सकाळी आटोपते. परंतु त्यासाठी सलग मोठे क्षेत्र हवे, एकच पीक हवे आणि वारा शांत हवा. ठाणे जिल्ह्यातील खाचरे लहान, बांध जवळजवळ, शेजारी वालाचे किंवा भाजीचे पीक आणि पलीकडे वस्ती. अशा ठिकाणी विमानातून पडणारे औषध आपल्याच शेतात पडेल, याची खात्री देता येत नाही. वाऱ्याबरोबर वाहत जाणारे औषध हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय.

या दोषाचे परिणाम किती भयंकर होतात हे केरळातील कासरगोड जिल्ह्यात दिसून आले. तेथील काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत एंडोसल्फान हे कीटकनाशक हेलिकॉप्टरने फवारले जात होते. बागा डोंगरउतारांवर होत्या; खाली वस्त्या, विहिरी व ओढे होते. त्या गावांतील मुलांत जन्मतः व्यंगे व मेंदूचे विकार मोठ्या प्रमाणावर आढळले. लोकांनी दीर्घकाळ लढा दिला. अखेर मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर या औषधाचे उत्पादन, विक्री व वापर यांस मनाई केली. कोकणातील काजू व आंब्याच्या बागाही अशाच उतारांवर आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता विमानाची जागा ड्रोनने घेण्यास सुरुवात केली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात टोळधाड राजस्थानातून मध्य प्रदेशात व तेथून विदर्भात शिरली. त्या वर्षी टोळांवर औषध फवारण्यासाठी देशात ड्रोनचा उपयोग करण्यात आला. २०२१ मध्ये ड्रोनविषयक नियम व कीटकनाशक फवारणीची कार्यपद्धती केंद्र सरकारने जाहीर केली. महिला बचत गटांस ड्रोन मिळावेत यासाठी ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. शेतीच्या ड्रोनची टाकी साधारण दहा लिटरची असते आणि तो पिकाच्या काही फूट वरूनच उडतो. त्यामुळे लहान खाचरांतही त्याचा उपयोग होऊ शकतो. चिखलात उतरावे लागत नाही आणि फवारणाऱ्याच्या अंगावर औषध उडण्याचा धोका कमी होतो.

तथापि यंत्र लहान झाले म्हणून औषध सौम्य होत नाही. शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींची काळजी घ्यावी :

(१) फवारणीची सूचना किमान २४ तास आधी गावात द्यावी. हवेतून फवारणी करताना अशी सूचना देणे कीटकनाशक नियमांनुसार आवश्यक आहे.

(२) ज्या पिकासाठी व ज्या पद्धतीसाठी औषधास मान्यता आहे, त्यासाठीच ते वापरावे. पाठीवरच्या पंपाचे प्रमाण ड्रोनच्या टाकीस जसेच्या तसे लावू नये.

(३) सकाळी वारा शांत असताना काम उरकावे. फुलोऱ्याच्या काळात मधमाश्या बाहेर पडण्याच्या वेळी फवारणी टाळावी.

(४) विहीर, तळे, ओढा, गोठा व शाळा यांच्या कडेने पुरेसे अंतर सोडावे. जनावरे व मुले त्या दिवशी शेतात येऊ देऊ नयेत.

(५) ड्रोन चालविणाऱ्याकडे रीतसर प्रमाणपत्र आहे काय, हे विचारावे. विमानतळ व संरक्षण आस्थापना यांच्या परिसरात ड्रोन उडविण्यावर निर्बंध असतात. कल्याण-अंबरनाथ भागात अशी ठिकाणे असल्यामुळे आपले शेत कोणत्या क्षेत्रात येते, हे आधी सरकारी नकाशावर पाहून घ्यावे.

छावणीचे गाव झाले

विमानांप्रमाणेच युद्धासाठी उभारलेल्या इमारतीही मागे उरल्या. कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी होती. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांस या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. एकेका बराकीत पडदे लावून अनेक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला उल्हासनगर असे नाव मिळाले. आज ते मोठे व्यापारी शहर आहे. तथापि तेथील लोक अजूनही आपला पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगतात.

छावणीस नवे काम लगेच मिळाले, कारण गरज समोर उभी होती. डाकोटाचेही तसेच झाले. विमान विकणारा ठरलेला होता, घेणारा ठरलेला होता आणि कागद पुरे होते. नेवाळीच्या जमिनीचे मात्र तसे झाले नाही.

जमिनीची नोंदवही

नेवाळी व आसपासच्या गावांतील सुमारे सोळाशे एकर जमीन युद्धकाळात घेण्यात आली होती. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळणार होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे शासकीय पक्षाचे म्हणणे आहे. मधल्या काळात पिढ्यान्‌पिढ्या तेथे भात पिकत राहिला. पुढे ही जमीन नौदलाच्या ताब्यात असून तिच्याभोवती भिंत घालण्याचे काम सुरू झाले. २२ जून २०१७ रोजी, ऐन पेरणीच्या दिवसांत, शेतकऱ्यांच्या आंदोलनास हिंसक वळण लागले. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छऱ्यांचा मारा झाला. शेतकरी व पोलीस दोघेही जखमी झाले. ज्या विमानांसाठी ही जमीन घेतली ती केव्हाच भंगारात किंवा संग्रहालयात गेली. जमिनीचा वाद मात्र पाऊणशे वर्षांनंतरही माणसांच्या अंगावर उठला.

या वादाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे व शासनाचे काम आहे. परंतु त्यातून प्रत्येक शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली सरकारला जमिनीचे अधिग्रहण करता येत असे. अधिग्रहण म्हणजे तात्पुरता ताबा. त्यात मालकी मूळ मालकाकडेच राहते आणि त्यास भाड्याच्या स्वरूपात भरपाई मिळते. संपादन म्हणजे कायमची घेणे. त्यात भरपाई देऊन मालकी सरकारकडे जाते. बोलताना दोन्हींस लोक ‘सरकारने जमीन घेतली’ असेच म्हणतात. पण या दोन शब्दांच्या अंतरात नातवांचे पोट सामावलेले असते. आपल्या जमिनीबाबत यांपैकी काय झाले, हे कागदावरूनच ठरते.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात, घेतलेली जमीन पाच वर्षे वापरली नाही तर ती मूळ मालकास अगर त्याच्या वारसांस परत द्यावी किंवा शासनाच्या भूमिकोशात जमा करावी, अशी तरतूद आहे. मात्र युद्धकाळातील व्यवहारांस ती आपोआप लागू होते, असे कोणी समजू नये व इतरांस सांगू नये. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुढीलप्रमाणे साहाय्य करावे :

(१) ज्या गावात युद्धकाळात, धरणासाठी, रस्त्यासाठी अगर कारखान्यासाठी जमीन गेली आहे, तेथील खातेदारांस जुने सातबारा उतारे व फेरफाराच्या नोंदी यांच्या नकला काढून ठेवण्यास सांगावे. चालू उतारा तलाठ्याकडे मिळतो. जुन्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागाव्यात. मोजणीचे नकाशे भूमि-अभिलेख कार्यालयात मिळतात.

(२) घरात नोटीस, निवाड्याची प्रत, भरपाईची पावती अगर भाड्याची पावती असेल तर ती जपून ठेवावी. मूळ कागद कोणासही देऊ नये. द्यावा लागल्यास पोच घ्यावी.

(३) पिकाची नोंद दर हंगामात करावी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाइलवरून शेतात उभे राहून ती करता येते. पीक घेतले आणि नोंद राहिली, तर कष्ट झाले पण साक्ष उरली नाही, अशी गत होते.

(४) वारसांच्या नोंदी वेळेवर कराव्यात. आजोबांच्या नावे राहिलेला उतारा पुढे भाऊबंदांत भांडण लावतो आणि भरपाईच्या वेळी सर्वांचेच हात बांधतो.

(५) वृद्ध माणसे हयात असतील तर जमीन केव्हा, कोणी व काय सांगून घेतली, हे त्यांच्या तोंडून ऐकून तारखेसह लिहून ठेवावे. असे टिपण मालकी सिद्ध करीत नाही; पण जुना कागद कोठे शोधावा, हे त्यावरून कळते.

उपसंहार

ब्रिटनमध्ये एक जुनी डाकोटा दुरुस्त करण्यात आली आणि एप्रिल २०१८ मध्ये ती उडत उडत भारतात आली. हवाई दलाने ‘परशुराम’ या नावाने ती आपल्या ऐतिहासिक ताफ्यात दाखल करून घेतली. १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा क्रमांक तिच्या अंगावर रंगविलेला आहे. पाऊणशे वर्षांनीही असे यंत्र उडू शकते, कारण त्याच्या प्रत्येक खिळ्याची देखभाल झाली आणि प्रत्येक तासाची नोंद राहिली.

जमिनीचे आयुष्य विमानाहून कितीतरी मोठे. युद्धे होतात आणि संपतात, विमाने येतात आणि मोडीत निघतात. ज्येष्ठ लागला की मलंगगडाच्या पायथ्याशी पुन्हा भाताचा राब तयार होतो. विमानाची नोंदवही वैमानिक रोज लिहितो. शेतकऱ्याची नोंदवही म्हणजे सातबारा. यंदाची लावणी आटोपली म्हणजे शेतकरी बंधूंनी एक दिवस काढून आपला उतारा काढून आणावा, घरातील जाणत्या मुलाकडून अगर मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि त्यात चूक आढळल्यास त्याच आठवड्यात तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.